वृद्धाश्रमातले दोन 'फौजी': माजी सैनिक कोण आणि निमलष्करी दलाचा जवान कोण

खानदेशात वर्दी चढवून गावाबाहेर पडलेला प्रत्येक जण 'मिल्ट्रीतला'. पोरगा बीएसएफमध्ये लागला तरी पेढे मिल्ट्रीच्या नावानेच वाटतात आणि तो पेन्शनीवर परतला की गाव त्याला फौजी म्हणतं. गावात याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते तो म्हातारा होऊन वृद्धाश्रमात आल्यावर. तिथल्या प्रवेश अर्जात बहुधा एकच रकाना असतो: 'माजी सैनिक आहात का? होय/नाही.' पायदळातून आलेले आजोबा 'होय' लिहितात, सीआरपीएफचे आजोबाही 'होय' लिहितात. पुढे एखाद्या पहाटे न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, की त्या एका 'होय'चा घोळ बाहेर येतो.

सरकारी हिशेबात माजी सैनिक म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल यांतून निवृत्त झालेला. त्याचं सगळं संरक्षण मंत्रालयाकडे. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ, एसएसबी ही निमलष्करी दलं गृह मंत्रालयाची. त्यांच्या निवृत्तांना २०१२ पासून 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी' अशी वेगळी ओळख दिलेली आहे, पण ती कागदावरच राहिली. पारोळ्याच्या बाजारात असं कोण म्हणणार? बीएसएफच्या एका आजोबांना हा फरक सांगितला तर ते उसळले, "आम्हीबी बॉर्डरवरच व्हतूत ना भो!" त्यांचं म्हणणं खरंच आहे. खरा फौजी कोण हा वाद मला फोल वाटतो. प्रश्न एवढाच, की कुणाच्या कामासाठी कोणतं दार ठोठवायचं.

आजोबांना नुसतं विचारून हे नेहमी कळत नाही. स्मरणशक्ती गेलेली असली तर नाहीच. सोबत आलेली काळी ट्रंक बघून ओळखू म्हणावं, तर नंबर, हुद्दा आणि नाव पांढऱ्या रंगात रंगवलेली ट्रंक दोन्हीकडच्या लोकांकडे असते. ती उघडायला लावायची. आत जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत, बहुतेक वेळा मेडलच्या डबीशेजारी, पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, सापडतो. तो प्रयागराजच्या (जुन्या कागदावर अलाहाबाद) संरक्षण लेखा कार्यालयाचा असेल तर आजोबा लष्कराचे. दिल्लीच्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयाचा उल्लेख असेल तर निमलष्करी दलाचे. नौदल आणि हवाई दलाची कार्यालयं वेगळी आहेत, पण कागदावर संरक्षण खात्याचं नाव असतंच. सोबत डिस्चार्ज बुक (लष्करातून सुटताना मिळणारं पुस्तक) मिळालं तर शंकेला जागाच नाही.

सगळ्यात मोठा फरक दवाखान्याचा. लष्कराच्या पेन्शनरला आणि त्याच्या बायकोला ईसीएचएस, म्हणजे १ एप्रिल २००३ पासून चालू असलेली अंशदायी आरोग्य योजना. आधी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचं, तिथून रेफरल घ्यायचं आणि मग यादीवरच्या खासगी रुग्णालयात कॅशलेस उपचार. तातडीच्या वेळी रेफरलसाठी थांबायचं नाही, थेट भरती करायचं. मात्र रुग्णालय यादीबाहेरचं असेल तर ४८ तासांच्या आत ईसीएचएसला कळवायला हवं, नाहीतर बिलाची भरपाई मिळवताना नाकी नऊ येतात. आश्रमाच्या व्यवस्थापकाने पॉलिक्लिनिकचा नंबर भिंतीवर लावून ठेवावा तो यासाठी. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना या योजनेची वर्गणीच भरावी लागत नाही. आज आश्रमात असलेले पुष्कळ आजोबा याच वयोगटातले. 'पैसे भरावे लागतील' म्हणून कार्डच न काढलेला म्हातारा दिसला की मला वाईटही वाटतं आणि रागही येतो.

बीएसएफच्या आजोबांना पॉलिक्लिनिकमध्ये नेलं तर ते परत पाठवतात आणि त्यात पॉलिक्लिनिकची चूक नाही. त्यांच्यासाठी केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, सीजीएचएस. तिचा दवाखाना, म्हणजे वेलनेस सेंटर, जवळ नसेल तर पेन्शनसोबत दरमहा १००० रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो. हा भत्ता बाह्यरुग्ण उपचारांपुरता ठेवून भरती होण्यासाठी सीजीएचएसचं कार्ड काढण्याची सोयही आहे, पण ती मागून घ्यावी लागते. आधी अर्ज, मग कार्ड. हाड मोडल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

इथे आयुष्मान कार्डाचं एक भलतंच त्रांगडं होतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आश्रमात शिबिर लागतं, ओळीने सगळ्यांचे आधार घेतले जातात, अंगठे लागतात. पण ईसीएचएस किंवा सीजीएचएस असलेल्याला दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. तेव्हा शिबिराच्या रांगेत दोन्ही फौजींना बसवण्याआधी त्यांच्या मुलांना एक फोन करावा.

मग हे कार्ड खऱ्या अर्थाने कुणाच्या कामाचं? तर बिगरपेन्शनर माजी सैनिकाच्या. हा तिसरा माणूस वरच्या दोघांच्या गर्दीत हरवतो. लष्करात जवानाला पूर्ण पेन्शनसाठी साधारण १५ वर्षं सेवा लागते. घरची शेती, वडिलांचं आजारपण अशा कारणांनी त्याआधीच नाव कापून आलेले लोक गावोगाव आहेत. त्यांना पेन्शन नाही, म्हणून ईसीएचएसही सहसा नाही. पण डिस्चार्जची तारीख पुरेशी जुनी असेल तर ते व्याख्येने माजी सैनिकच ठरतात. हवालदारापर्यंतचा हुद्दा, वय ६५ च्या वर आणि पेन्शन नाही, अशांना किंवा त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीतल्यांसाठीची मदत, मिळू शकते. ती महिना ४००० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून ८००० झाली. आश्रमाची महिन्याची फी देताना भावाभावांत कुरबुर चालते, तिथे हे ८००० फार मोठे. अर्ज जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. निमलष्करी दलाच्या आजोबांना हे कार्यालय काही देऊ शकत नाही. त्यांच्यासाठी गृह मंत्रालयाचं कल्याण व पुनर्वसन मंडळ आहे आणि जवळच्या ग्रुप सेंटरला किंवा बटालियनला पत्र लिहावं लागतं.

धुळ्याच्या एसआरपी (राज्य राखीव पोलीस) गट ६ मधून निवृत्त झालेले आजोबा या दोन्हींत नाहीत. ते राज्याचे कर्मचारी, त्यांची पेन्शन जिल्हा कोषागारातून.

नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मात्र सगळ्यांना सारखाच छळतो. ८० वर्षांवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो आणि तेव्हाच उरकलेला बरा. कापूस वेचून, केळीचे घड वाहून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. मग मोबाइलवर चेहऱ्याने करायचं: आजोबांना ओसरीत, तोंडावर उजेड येईल असं बसवायचं, टोपी काढायला लावायची आणि 'डोळे मिटा-उघडा' असं दहादा सांगायचं. चेहरा जुळला की सुटलो असं वाटतं, पण खरी खोच माहिती भरायच्या पानावर आहे. तिथे पेन्शन देणारी संस्था निवडायची असते. लष्कराच्या पेन्शनरचं खातं 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेलेलं असेल तर 'स्पर्श', निमलष्करी आजोबांसाठी त्यांची बँक. घाईत दोघांनाही एकाच बँकेखाली टाकलं, तर दाखला निघाल्याचा मेसेज येऊनही एकाची पेन्शन थांबते.

८० ओलांडल्यावर मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट हा नियम दोघांनाही लागू आहे आणि फॅमिली पेन्शन घेणाऱ्या त्यांच्या बायकांनाही. अडचण आज्यांची होते. पीपीओवर जन्मतारीखच नसते, किंवा तिथे 'सखू' आणि आधारवर 'सखुबाई' असतं. आजीचं वय ८३ आणि वाढ मात्र लागलेली नाही, अशी प्रकरणं दोन्हीकडे दिसतात. दुरुस्तीचा अर्ज लष्कराच्या बाबतीत रेकॉर्ड ऑफिसकडे, निमलष्करीच्या बाबतीत आजोबा जिथून निवृत्त झाले त्या कार्यालयाकडे. आजोबा हयात आहेत आणि त्यांना सही करता येते, तोवर हा अर्ज करून टाकावा. त्यांच्या माघारी तेच काम आजीला शपथपत्रं, वारसदाखले आणि तालुक्याच्या खेपा घालून करावं लागतं.