हँग आउट

हँग आउट : इंग्रजीतील एक अनौपचारिक जोडक्रियापद. 'हँग' म्हणजे टांगणे आणि 'आउट' म्हणजे बाहेर. पण या दोन अर्थांची बेरीज करून बोलण्यातला अर्थ हाती लागत नाही. विशेष काही काम नसताना सोबत्यांबरोबर किंवा नेहमीच्या जागी निवांत वेळ काढणे, असा तो अर्थ आहे.

शब्दशः अर्थही वापरात आहे. धुतलेले कपडे बाहेर वाळत घालण्याला इंग्रजीत हेच क्रियापद लावतात, आणि उत्तर कोकणात वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायच्या बांबूंच्या चौकटीवर, बोंबील टाकतात त्यालाही ते चालेल. या अर्थी ते सकर्मक असते व कर्म दोन शब्दांच्या मध्ये येऊ शकते. निवांतपणाच्या अर्थी ते अकर्मक असते. सोबत्याचे नाव घ्यायचे तर आधी 'विथ' येते. भूतकाळ 'हंग आउट'. 'हँग्ड' हे रूप मुख्यतः फाशीपुरते उरले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या क्रियापदाचा बोलीतला अर्थ 'राहणे, मुक्काम असणे' असा होता. दारावर पाटी टांगण्याच्या प्रथेतून तो आला असावा, असे मानतात. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (१८३६-३७) एक तरुण या शब्दांत पिकविकसाहेबांचा पत्ता विचारतो, तेव्हा आपण सध्या अमुक खानावळीत 'लटकलेलो' आहोत, असे उत्तर त्याला मिळते. रेंगाळण्याचा आजचा अर्थ पुढे रुळला.

मराठी प्रतिशब्दांपैकी एकही पुरता बसत नाही. 'वेळ घालवणे' यात ठपका आहे, 'अड्डा' म्हटले की पत्ते आणि मटका आठवतो. त्यातल्या त्यात जवळची मालवणी 'गजाली मारणे'. पण गजालीला बोलणे लागते. मालवणच्या जेटीवर किंवा रत्नागिरीच्या मांडवीवर दोघे मित्र तासभर गप्प बसून समुद्र बघत राहिले, तरी इंग्रजीत ते हँग आउटच. देवळाच्या पारावर, पानटपरीवर रोज जमणाऱ्यांनाही तो शब्द लागू पडतो, फक्त त्यांना त्याची गरज पडलेली नाही. तो गावात येतो तो बहुधा मे महिन्यात आणि गणपतीत, चाकरमान्यांच्या मुलांच्या तोंडून : 'संध्याकाळी बीचवर हँगआउट करूया.' इंग्रजीत जोडून लिहिलेले 'हँगआउट' हे नाम प्रामुख्याने जागेचे. मराठीने 'करणे' जोडून त्याची कृती केली.

मुलगा-मुलगी 'हँग आउट' करतात असे म्हटल्याने प्रेमप्रकरण सिद्ध होत नाही. ही संदिग्धता इंग्रजीत सोयीची आहे, गावात तिचा फारसा उपयोग होत नाही.

'हँग अराउंड'शी याची गल्लत होते. अर्थ काही ठिकाणी एकच असला, तरी कशाची तरी वाट पाहत घुटमळण्याला 'अराउंड' अधिक शोभते. उशिरा येणाऱ्या एसटीसाठी कणकवली स्टँडवर ताटकळणे हे त्यातले. अर्ज, अहवाल किंवा कार्यालयीन पत्रात यांपैकी काहीच वापरू नये. तिथे 'भेटलो', 'थांबलो' या अर्थाची साधी क्रियापदे पुरतात.