नाव तेच, ताकद वेगळी

‘लॅपटॉपमध्येही आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणजे डेस्कटॉपइतकाच पळणार,’ हा समज काही केल्या जात नाही. डेस्कटॉपच्या ४०९० ला २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटपर्यंत वीज; लॅपटॉपवाल्याला १६ जीबी आणि जेमतेम तिसरा हिस्सा वीज. आतली चिपही डेस्कटॉपच्या ४०८० मधली.

लॅपटॉप-लॅपटॉपातही फरक आहे. तेच ४०६० कार्ड एका लॅपटॉपात ३५ वॅटवर चालतं, दुसऱ्यात ११५ वर. स्टिकर मात्र एकच! पातळ, देखणं मशीन बहुधा कमी वॅटचं, कारण उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते. पै-पै साठवून घेणाऱ्या मुलांची इथेच फसगत होते, ते बघवत नाही. दुकानात ‘टीजीपी (ग्राफिक्स कार्डाला मिळणारी कमाल वीज) किती वॅट?’ एवढं विचाराच. विक्रेत्याला माहीत नसेल तर पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचा तपशील उघडून बघा.