बिनतारी संदेशांवरील कायदेशीर पाळत

संशयास्पद वायरलेस संदेश कायद्याने दिलेल्या अधिकारात ऐकणे, नोंदवणे आणि ते कुठून निघतात ते हुडकणे. तारेतून जाणाऱ्या संदेशासाठी तार गाठावी लागते. हवेतला संदेश टप्प्यात असलेला कुठलाही रिसीव्हर पकडतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या १७ व्या कलमाने सदस्य देशांना बांधून घेतले आहे : जे संदेश सर्वांसाठी नाहीत ते परवानगीशिवाय ऐकू द्यायचे नाहीत, आणि त्यांतला मजकूर फुटू द्यायचा नाही.

संशय बहुधा मजकुरावरून येत नाही. कॉल साइन, म्हणजे केंद्राची ठरलेली ओळखखूण, दिली जात नाही, दुसऱ्याच सेवेची वारंवारता वापरली जाते, रोज ठरल्या वेळी चार मिनिटे बोलून सेट गप्प होतो. मग दिशाशोधन सुरू होते. दूरदूरच्या केंद्रांवरून दिशा घेऊन नकाशावर रेषा ओढतात. तीन रेषा क्वचितच एका बिंदूत मिळतात. मध्ये एक छोटा त्रिकोण उरतो आणि तिथे अँटेनाची गाडी पाठवावी लागते. लघुलहरी (शॉर्ट वेव्ह) आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून खाली येतात, त्यामुळे आवाज मोठा आहे म्हणून सेट जवळच असेल असे धरता येत नाही.

याचा उत्तम दाखला ब्रिटनच्या रेडिओ सिक्युरिटी सर्व्हिसचा. देशात लपलेल्या जर्मन हेरांचे ट्रान्समीटर शोधण्यासाठी १९३९ मध्ये ती उभी राहिली. सुमारे १,५०० हौशी रेडिओचालक रात्री घरी कानाला हेडफोन लावून क्षीण मोर्स टिपत आणि ते कागद ‘बॉक्स २५, बार्नेट’ या पत्त्यावर पाठवत. ब्रिटनमधून बोलणारे हेर जवळजवळ सापडलेच नाहीत. हाती आले ते युरोपातल्या जर्मन गुप्तहेर खात्याचे सांकेतिक संदेश, आणि डिसेंबर १९४० मध्ये ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या संकेतभेदन केंद्राने त्यांचा हाताने लिहायचा मुख्य संकेत फोडला. या माणसांची चिकाटी आजही थक्क करते.

कायदेशीरपणाची खरी कसोटी मात्र यंत्रापाशी नसते, हुकमापाशी असते : तो कुणी दिला, कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि त्याची तपासणी कोण करतो. आज कूटबद्ध संदेशाचा मजकूर अनेकदा उलगडत नाही, पण कोण, कुठून, केव्हा आणि किती वेळ बोलले हे कळते. एवढ्यावरूनही माणसाचे आयुष्य उघडे पडू शकते. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये ब्रिटनविरुद्धच्या खटल्यात हेच ओळखले : घाऊक पाळतीत असा तपशील गोळा करणे मजकूर वाचण्यापेक्षा कमी घुसखोरीचे असतेच, हे त्याने मान्य केले नाही.