वरचा आकडा किती असावा?

बीपीचा वरचा आकडा १३२ आला तर गोळी सुरू करायची का, यावर आज दोन निष्णात फिजिशियनांचं एकमत होईलच असं नाही. गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी वाद होता तो बीपी उतरवावंच का, यावर. रक्तवाहिन्या कडक झाल्या की मूत्रपिंडापर्यंत रक्त ढकलायला जादा दाब लागणारच, तो कमी केला तर घात होईल, असं नावाजलेले डॉक्टरही मानत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. उपाय काय, तर मीठ कमी करा आणि विश्रांती घ्या. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा वरचा आकडा ३०० च्या घरात होता.

औषधाच्या कथेत मुंबई येते. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि झोप येण्यासाठी पूर्वापार देत आले. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती बीपीच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. पश्चिमेचं लक्ष गेलं ते तेव्हा. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं.

हेच रेसर्पीन आणखी दोन औषधांसोबत अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तपासलं गेलं. निकाल १९६७ चा. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. खोटी गोळी घेणाऱ्यांत चार मृत्यू, औषध घेणाऱ्यांत एकही नाही. 'उतरवावं का' हा प्रश्न तिथे मिटला. तरी बराच काळ सगळी भिस्त खालच्या आकड्यावर होती. वरचा म्हणजे वय अधिक शंभर, हे गणित आजही घरोघरी ऐकू येतं. म्हातारपणी वाढलेला वरचा आकडा उतरवला की पक्षाघात कमी होतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झालं.

मग किती उतरवावं? २०१० मध्ये मधुमेहींच्या अ‍ॅकॉर्ड चाचणीत १२० च्या खाली नेऊन एकूण फायदा ठळक दिसला नाही. २०१५ च्या स्प्रिंटमध्ये, मधुमेह नसलेल्या ९,३६१ जणांत, तो इतका दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. चक्कर आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी मात्र वाढल्या. २०१७ मध्ये अमेरिकेने उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली. युरोपने २०१८ मध्ये ती जागची हलवली नाही.

माझ्या मते खरी मेख मोजण्यात आहे. स्प्रिंटमध्ये रुग्ण पाच मिनिटं शांत बसे, यंत्र आपोआप तीनदा मोजे, कित्येक ठिकाणी खोलीत दुसरं कोणीही नसे. आपल्या ओपीडीत माणूस जिना चढून येतो, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा आवळला जातो, हात लोंबकळत असतो, आणि तेवढ्यात "गुडघा कसा आहे?" म्हणून गप्पाही चालू असतात. तिथला १२० आणि इथला १२० एकच कसा धरायचा?

युरोपने २०२४ मध्ये, सोसत असेल तर १२० ते १२९ हे लक्ष्य दिलं. आपल्या सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून चाललेल्या बीपी नियंत्रण उपक्रमात, ज्यात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, रेघ १४०/९० च आहे. तिथला रोजचा झगडा १२० की १३० हा नाहीच. महिन्याच्या गोळ्या संपल्या की "आता बरं वाटतंय" म्हणत न फिरकणाऱ्यांना परत बोलावून आणायचा आहे.