द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर व अवजारे : खरेदीपूर्वीची माहिती

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड आणि चांदवड येथील द्राक्षबागायतदार, तसेच सटाणा, देवळा आणि मालेगाव या पट्ट्यातील डाळिंब उत्पादक आमच्याकडे छोटा ट्रॅक्टर पाहायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती एचपीचा घ्यावा’ हाच असतो. प्रश्न रास्त आहे. मात्र बागेचे माप, बागेतील सर्वांत अडचणीचे काम आणि त्या कामाला लागणारे अवजार या तीन गोष्टी कळल्याशिवाय एचपीचा आकडा सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही. ट्रॅक्टर एकदा घेतला की तो अनेक वर्षे वापरायचा असतो, आणि ओळीत न मावणारा किंवा भरलेली टाकी ओढताना दमणारा ट्रॅक्टर विकून दुसरा घेणे फार महागात पडते. म्हणून या पत्रकात आधी बाग, मग काम, त्यानंतर अवजार आणि शेवटी ट्रॅक्टर असा क्रम ठेवला आहे.

माप केव्हा आणि कसे घ्यावे

द्राक्षाची लागवड आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ९ बाय ५ किंवा १० बाय ६ फुटांवर असते. दोन ओळींत ९ फूट अंतर असले, तरी ट्रॅक्टरला ९ फूट मोकळी वाट मिळत नाही. ‘वाय’ पद्धतीच्या बागेत दोन्ही बाजूंचे आडवे अँगल, त्यांवरच्या तारा आणि त्यांतून खाली झुकलेल्या काड्या मिळून बरीच जागा खातात, आणि ही जागा जमिनीलगत कमी नसून कमरेच्या व खांद्याच्या उंचीवर कमी असते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडी दिसते, म्हणून त्या दिवसांत घेतलेले माप फसवे ठरते. तेव्हा ऐसपैस वाटणाऱ्या ओळीत डिसेंबर-जानेवारीत घड लोंबत असताना मडगार्ड दोन्ही बाजूंना घासू लागते. घासलेल्या मण्यावर डाग राहतो आणि निर्यातीच्या मालात असा घड बाजूला काढावा लागतो.

यासाठी आम्ही एक सोपी पद्धत सुचवतो. जो ट्रॅक्टर मनात आहे त्याच्या एकूण रुंदीपेक्षा एक फूट अधिक लांबीचा बांबू घ्यावा, आणि बाग पूर्ण पानोऱ्यावर असताना तो दोघांनी आडवा धरून सर्वांत अरुंद ओळीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा. एकदा गुडघ्याच्या, एकदा कमरेच्या आणि एकदा खांद्याच्या उंचीवर. बांबू जिथे अडतो, तिथे ट्रॅक्टरही अडणार आहे. मांडवाच्या बागेत याखेरीज उंचीचे माप घ्यावे. मांडवाच्या तारा साधारण साडेसहा-सात फुटांवर असल्या तरी घड त्यांच्याखाली लोंबतात, आणि चालकाला दिवसभर मान वाकवून बसावे लागणार असेल तर तो ट्रॅक्टर कागदावर कितीही चांगला असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. अशा बागेसाठी बसण्याची जागा आणि स्टिअरिंग खाली असलेले, तसेच सायलेन्सर उभा न ठेवता खाली वळवलेले मॉडेल पाहावे, कारण उभ्या सायलेन्सरच्या गरम धुराने वरची पाने व घड करपतात.

ओळीच्या टोकाला किती जागा मोकळी आहे हेही मोजावे. शेवटच्या खांबाच्या ताणाच्या तारा जमिनीत जिथे रोवल्या आहेत, तिथून बांधापर्यंतचे अंतरच वळण्यासाठी उरते. मागे ओढायचा ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारे यंत्र) लावल्यावर एकट्या ट्रॅक्टरपेक्षा पुष्कळ जास्त जागा लागते.

फवारणी हेच निर्णायक काम

बागेत कामे अनेक असली तरी द्राक्षबागेत ट्रॅक्टरची खरी परीक्षा फवारणीतच होते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असताना पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग उचल खातो, आणि पाऊस उघडल्यावर मिळालेल्या थोड्या वेळात, जमीन ओली असतानाच, संपूर्ण बाग फवारून व्हावी लागते. त्या दिवशी ट्रॅक्टर ओळीत रुतला किंवा काम अर्धवट राहिले, तर वर्षभराच्या कष्टाला धक्का बसतो. म्हणून आमचा आग्रह असतो की ट्रॅक्टर कोरड्या दिवसातील रोटाव्हेटरसाठी (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजारासाठी) न निवडता या ओल्या दिवसासाठी निवडावा.

वेळेचा हिशोब घरी बसून करता येतो. ९ फुटी ओळीच्या एका एकरात ओळींची एकूण लांबी सुमारे १,४७५ मीटर भरते. ताशी ४ किलोमीटर वेगाने ती पार करायला साधारण २२ मिनिटे लागतात. त्यात वळणे आणि टाकी भरण्याचा वेळ मिळवावा लागतो. एकरी २५० लिटर द्रावण द्यायचे ठरले असेल, तर त्या २२ मिनिटांत नोझलमधून मिनिटाला ११ लिटरच्या थोडे वर पाणी बाहेर पडले पाहिजे. या दोन आकड्यांवरून टाकी केवढी, पंप केवढा आणि पाणी भरण्याची सोय कुठे, हे सर्व ठरते.

टाकी मोठी घेतली की फेऱ्या कमी होतात हे खरे. पण वजन विसरून चालत नाही. ६०० लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच वजन ६०० किलो होते, त्यावर यंत्राचे वजन वेगळे, आणि बाजारातील बहुतेक छोटे ट्रॅक्टर स्वतः ६०० ते १,००० किलोच्या आसपास असतात. म्हणजे भरलेला ब्लोअर काही वेळा ट्रॅक्टरपेक्षा जड असतो. सपाट रानात तो ओढता येतो. उतारावर मात्र तोच ब्लोअर ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, आणि तेव्हा एचपीपेक्षा ब्रेक आणि ट्रॅक्टरचे वजन महत्त्वाचे ठरते. उताराच्या बागेसाठी तेलात बुडालेले ब्रेक असलेलाच ट्रॅक्टर घ्यावा. ओल्या दिवशी टाकी अर्धीच भरून फेऱ्या वाढवाव्यात. त्यामुळे चाकोरीतील माती कमी दबते आणि रुतण्याचा धोकाही घटतो.

एचपीचा आकडा कसा वाचावा

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिलेला एचपी इंजिनाचा असतो. ब्लोअर आणि रोटाव्हेटर चालवणारी शक्ती मागच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर, मिळते, आणि ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा कमी भरते. २४ एचपीच्या ट्रॅक्टरवर पीटीओला साधारण २० एचपी मिळाली तर ती समाधानकारक समजावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्थेत देशातील ट्रॅक्टरांची चाचणी होते. पीटीओची शक्ती, लिफ्टची क्षमता, डिझेलचा खप आणि ब्रेकची कामगिरी ही सर्व माहिती त्या चाचणीच्या अहवालात असते. आपण पाहत असलेल्या मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडे अवश्य मागावा. आम्ही तो आमच्या ग्राहकांना दाखवतो, आणि तो मागणारा ग्राहक आम्हाला आवडतो.

आमच्या अनुभवानुसार २०० लिटरचा उचलून धरायचा ब्लोअर आणि तीन फुटी रोटाव्हेटर यांसाठी १८ ते २० एचपी पुरतात, तर ओढायचा ६०० लिटरचा ब्लोअर आणि चार फुटी रोटाव्हेटर यांसाठी २४ ते २८ एचपी लागतात. पंख्याचा व्यास मोठा असेल किंवा रान चढाचे असेल तर वरच्या आकड्याकडे झुकावे.

पीटीओविषयी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेत असताना ताशी ३ ते ४ किलोमीटर वेग देणारा गिअर ट्रॅक्टरमध्ये आहे का, हे पाहावे. असा गिअर नसेल तर एकतर ट्रॅक्टर भरधाव जातो आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचत नाही, किंवा वेग कमी करण्यासाठी रेस कमी केली की पंखा मंदावतो. दुसरे म्हणजे, क्लच दाबल्यावर पीटीओ चालू राहतो की थांबतो. वळणावर प्रत्येक वेळी पंखा थांबून पुन्हा सुरू होत असेल तर कामाची लय बिघडते आणि यंत्रावर ताण येतो. त्यामुळे दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेल्या मॉडेलसाठी थोडे अधिक पैसे मोजणे आम्ही योग्य मानतो.

फोर व्हील ड्राइव्ह घ्यावा का, असे विचारले जाते. काळ्या जमिनीच्या द्राक्षबागेत घ्यावा. मुरमाड, सपाट आणि निचऱ्याच्या डाळिंब रानात दोन चाकांच्या ओढीवरही काम भागते. फोर व्हील घेतल्यास डांबरी रस्त्यावर तो जोड काढून चालवावा, आणि टायर बदलताना कंपनीने ठरवलेलेच माप घ्यावे, कारण पुढच्या व मागच्या टायरांच्या मापांचे प्रमाण बिघडले की गिअरबॉक्सवर नाहक ताण पडतो.

रोटाव्हेटर आणि इतर अवजारे

रोटाव्हेटर किमान एवढा रुंद असावा की ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांच्या खुणा त्याने मोडल्या पाहिजेत. अरुंद रोटाव्हेटरमागे दबलेली चाकोरी तशीच राहते. मात्र तो वेलाच्या खोडाजवळ नेऊ नये आणि खोलही चालवू नये, कारण अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या वरच्या थरातच असतात. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर रोटाव्हेटर फिरवला की पात्यांच्या खाली कठीण थर तयार होतो, पाणी मुरत नाही आणि बागायतदाराला वाटते की जमीनच थकली. म्हणून रोटाव्हेटरचा वापर मोजका ठेवून अधूनमधून कल्टिवेटर चालवावा, आणि पावसाळ्यात ओळींमधले गवत उपटण्याऐवजी कापून तिथेच पसरावे, असा आमचा सल्ला आहे. ठिबकच्या नळ्या खालच्या तारेला बांधून घेतल्याशिवाय रोटाव्हेटर ओळीत घालू नये; एकदा पात्यांत नळी गुंडाळली की ती सुरीने कापून काढण्यात अर्धा दिवस जातो, आणि बेअरिंगजवळ अडकलेला तुकडा राहून गेल्यास तेलाचे सील फाटते.

छाटणीच्या काड्या ओळीतच बारीक करणारा श्रेडर हे अवजार आम्हाला विशेष उपयुक्त वाटते, कारण काड्या बांधावर नेऊन जाळण्याची मजुरी वाचते आणि सेंद्रिय पदार्थ रानात परत जातो. त्याला शक्ती बरीच लागते, त्यामुळे तो पुढेमागे घ्यायचा असेल तर ट्रॅक्टर निवडतानाच सांगावे. डाळिंबाच्या काट्यांमुळे टायर वारंवार पंक्चर होतात, हेही टायर निवडताना लक्षात असू द्यावे. सरी रेझर, खड्डे घेण्याचे यंत्र आणि छोटी ट्रॉली ही अवजारे कोणत्याही १८ एचपीच्या पुढील ट्रॅक्टरला चालतात. खोल नांगरट मात्र छोट्या ट्रॅक्टरकडून करून घेऊ नये. नवी लागवड करण्यापूर्वीची नांगरट मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगून करावी.

अवजार उचलण्याची क्षमता वाचतानाही सावध असावे. जाहिरातीतील आकडा बहुधा खालच्या लिंकच्या (अवजार जोडण्याच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेला असतो. प्रत्यक्ष अवजाराचे वजन त्याच्या बरेच मागे पडते आणि तिथे क्षमता घटते. टाकी भरल्यावर ट्रॅक्टरचे तोंड हलके होऊन स्टिअरिंग सैल वाटू लागले, तर पुढे वजने लावल्याशिवाय काम करू नये.

कोणी घेऊ नये

दीड-दोन एकर बाग असलेल्या आणि शेजारी भाड्याने ब्लोअर वेळेवर मिळणाऱ्या शेतकऱ्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेऊ नये, असे आम्ही विक्रेते असूनही सांगतो. दोघा-तिघा भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून घेण्याचा विचार असेल, तर पावसानंतरच्या फवारणीचा क्रम कसा लावायचा हे आधीच कागदावर ठरवून घ्यावे, कारण त्या दिवशी प्रत्येकाला ट्रॅक्टर एकाच वेळी हवा असतो.

अनुदान आणि कर

कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या ‘महाडीबीटी’ पोर्टलवर अर्ज करावा लागतो. पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्यापूर्वी बिल करू नये. आधी खरेदी केलेल्या यंत्रावर अनुदान मिळत नाही, आणि याबाबत आम्ही काहीही मदत करू शकत नाही. अनुदानाची मर्यादा शेतकऱ्याच्या प्रवर्गानुसार, धारण क्षेत्रानुसार आणि ट्रॅक्टरच्या शक्तीनुसार बदलते, म्हणून चालू वर्षाची रक्कम तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वीचे दरपत्रक कोणी दाखवल्यास नवे मागावे.

ताबा घेताना

ट्रॅक्टर आणि अवजार एकाच दिवशी, एकमेकांना जोडूनच ताब्यात घ्यावेत. पीटीओचा शाफ्ट प्रत्येक जोडीसाठी मापाने कापावा लागतो. तो लांब राहिला तर अवजार उचलताना दोन्ही नळ्या एकमेकींत टेकतात आणि गिअरबॉक्सचे तोंड फुटते. आखूड झाला तर चालू कामात निसटतो. आमचा मिस्त्री अवजार पूर्ण वर व पूर्ण खाली करून माप घेतो आणि मगच शाफ्ट कापतो. ते काम आपल्यासमोर होऊ द्यावे. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण कोणत्याही कारणाने काढून टाकू नये. उपरण्याचे टोक, साडीचा पदर किंवा सैल बाही फिरत्या शाफ्टमध्ये गुंतली तर माणसाला सावरायला वेळ मिळत नाही, आणि असे अपघात बागेत झालेले आहेत. टाकीत औषध टाकण्यासाठी किंवा नोझल साफ करण्यासाठी उतरताना पीटीओ बंद करून इंजिनही बंद करावे, आणि ही सूचना चालकाला आपण स्वतः द्यावी.

पहिली सर्व्हिस ५० तास भरताच करून घ्यावी; तासांचा मीटर डॅशबोर्डवर असतो. प्रात्यक्षिक हवे असल्यास आम्ही ट्रॅक्टर आपल्या बागेत आणतो. त्यासाठी शक्य तर पाऊस झाल्यानंतरचा दिवस निवडावा, टाकी पूर्ण भरायला लावावी आणि सर्वांत अरुंद ओळ दाखवावी.