रॅकेट मुठीत का फिरते?

"मामा, रॅकेट हातातच फिरायलीय की!" टिळकवाडीतल्या टेनिस कोर्टवर माझी बारा वर्षांची भाची रडकुंडीला आली होती. समोरून जोरात आलेला चेंडू स्ट्रिंगच्या मधोमध न लागता जरा वर किंवा खाली लागला, की तिची २६० ग्रॅमची हलकी रॅकेट गर्रकन वळायची आणि चेंडू नेटमध्ये. कडेला उभे असलेले पालक एकच सांगत होते, "मूठ घट्ट धर गं!"

हा सल्ला मी लहानपणापासून ऐकतोय. तो चुकीचा आहे.

चेंडू स्ट्रिंगवर टेकतो जेमतेम ५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. धक्का जाणवून स्नायूंनी उलट जोर लावायला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो. तोवर चेंडू दोन-तीन मीटर लांब गेलेला असतो. आधीपासूनच मूठ आवळून ठेवली तरी तळहात मऊ आणि दांडा जेमतेम तीन सेंटिमीटर जाड, मग पीळ अडवणार कशाच्या आधारावर? कोपरापाशी मात्र विनाकारण ताण येतो.

मग फिरणं अडवतं कोण? जत्रेत दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आठवा. तिच्या हातात लांबलचक काठी आडवी असते. तेवढ्याच वजनाचा दगड तिनं पोटाशी धरला तर काही उपयोग नाही. काठीचं वजन तिच्यापासून दूर पसरलेलं असतं, म्हणून तोल जायला वेळ लागतो आणि त्या वेळात ती सावरते. फिरण्याला होणाऱ्या या विरोधाला शाळेच्या पुस्तकात जडत्व आघूर्ण म्हणतात. त्याचं गणित एवढंच: वस्तुमान गुणिले अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग. अंतर दुप्पट केलं की विरोध चौपट. हा वर्ग मला फार आवडतो, कारण सगळी जादू त्याच्यातच आहे.

रॅकेटचा अक्ष म्हणजे दांड्यापासून टोकापर्यंतची मधली रेषा. तिच्याभोवती हलक्या रॅकेटचं जडत्व आघूर्ण साधारण १३ किलोग्रॅम-चौरस सेंटिमीटर असतं. आता फ्रेमच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ३ आणि ९ असतात तिथं, वजन वाढवायची ३-३ ग्रॅमची पट्टी चिकटवा. ती जागा अक्षापासून सुमारे १२.५ सेंटिमीटरवर. ६ ग्रॅम गुणिले १५६, म्हणजे जवळपास ०.९४ ची भर. वजन वाढलं २.३ टक्के, पण पिळाला होणारा विरोध ७ टक्के!

चेंडू मध्यापासून ५ सेंटिमीटरवर आदळला, तर मध्यम वेगाच्या फटक्यात तो सुटेपर्यंत बिनपट्टीची रॅकेट ढोबळ हिशेबानं १२ अंश वळते. पट्टीनं त्यातला पाऊण अंश वाचतो. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपासून, नेट ११.८९ मीटरवर आहे. तिथं पाऊण अंशानं चेंडूच्या उंचीत १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. नेटची पट्टी मधोमध ९१.४ सेंटिमीटर उंच, आणि आमचे किती पॉइंट त्या पट्टीला लागून गेलेत!

अमेरिकन अभियंता हॉवर्ड हेड याची रॅकेटही अशीच फिरायची. त्यानं वजन वाढवलं नाही, फ्रेमच रुंद केली. वर्ग तोच, अंतर वाढवलं. १९७६ साली त्याची मोठ्या डोक्याची 'प्रिन्स' रॅकेट बाजारात आली आणि लाकडी रॅकेटचे दिवस भरले.

आमच्याकडे पोरांच्या रॅकेटला नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधतात आणि कोपर दुखला की तांब्याचं कडं घालतात. दोऱ्याला वजन नाही आणि कड्याचा स्नायूबंधाशी संबंध नाही. स्ट्रिंगमध्ये अडकवायचं रबरी बटणही कोपर वाचवतं असं सांगून विकतात. ते फक्त टणत्कार कमी करतं. मुलाचा कोपर दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा.

पट्टी शिशाची मिळते. शिसं विषारी आहे, म्हणून मोठ्यांनीच लावावी, वर टेप गुंडाळावी आणि हात साबणानं धुवावेत. टंगस्टनची मिळाली तर उत्तम. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर मी ३-३ ग्रॅमचे दोन तुकडे तोलून घेतले. पहिले दोन दिवस भाचीचा फटका उशिरा लागायचा, कारण त्या ६ ग्रॅमनं रॅकेट फटक्यासाठी फिरवायलाही सुमारे ४ टक्के जड होते. मग एकेक ग्रॅम कमी केला. २-२ वर तिचा हात बसला.

परवा विचारत होती, "टोकाला लावूया की, मामा, तिथं लांब आहे." लांब आहे खरं, पण हातापासून. मधल्या अक्षापासून टोकाचं अंतर शून्य, म्हणून पीळ तसाच राहतो आणि फिरवायचं ओझं मात्र बाजूला लावल्यापेक्षा जवळपास दुप्पट वाढतं. तिनं वहीत दोन्ही वर्ग स्वतः करून पाहिले आणि पट्टी होती तिथंच ठेवली.