हिवताप परजीवीतील एंझाइमांचे द्रव वर्णलेखनाने मापन

हिवतापाच्या परजीवीतील एखादे एंझाइम किती वेगाने काम करते हे ठरवण्यासाठी, त्याने घडवलेला पदार्थ द्रव वर्णलेखनाने (मिश्रण द्रवाबरोबर स्तंभातून, म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, सोडून घटक वेगळे करण्याच्या तंत्राने) वेगळा काढून मोजण्याची पद्धत. प्रयोगशाळेत हे तंत्र एचपीएलसी (हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी) या नावानेच ओळखले जाते. ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम ही जात मानवी रक्तपेशींत सतत वाढवण्याची रीत दिली, तेव्हापासून अशा प्रयोगांना हवा तेव्हा परजीवी मिळू लागला.

या परजीवीला प्यूरिने (डीएनए व आरएनएचे घटक) मुळापासून बनवता येत नाहीत. तो यजमानाचे हायपोझँथिन उचलतो आणि एचजीएक्सपीआरटी हे एंझाइम त्याचे आयएमपी या न्यूक्लिओटाइडात रूपांतर करते. दोन्ही पदार्थ २५० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश शोषतात, म्हणून नुसत्या प्रकाशशोषणावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय पेशींच्या अर्कात हिमोग्लोबिनचा रंग आडवा येतो. स्तंभातून मात्र दोघे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात.

खरी अडचण यंत्राची नाही, मोजलेले एंझाइम कोणाचे याची आहे. परजीवी राहतो तांबड्या पेशीत आणि तिच्यातही याच कामाचे मानवी एंझाइम असते. म्हणून सॅपोनिन या साबणासारख्या वनस्पतिज द्रव्याने पेशीचे पटल फोडून परजीवी मोकळे करतात, पुन्हापुन्हा धुतात आणि त्याच रक्ताच्या निरोगी पेशींचा अर्क तुलनेसाठी चालवतात. आणखी एक युक्ती आहे: झँथिन मानवी एंझाइमाला फारसे चालत नाही, परजीवीच्या एंझाइमाला चालते. झँथिन घालून एक्सएमपीचे (झँथिनपासून बनणाऱ्या न्यूक्लिओटाइडाचे) शिखर, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, उमटले, तर ते बहुतांशी परजीवीचेच. परजीवीच्या डायहायड्रोओरोटेट डिहायड्रोजनेज या दुसऱ्या एंझाइमाच्या बाबतीत काम सोपे होते. ते तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) असते आणि प्रौढ तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतात. पांढऱ्या पेशींत मात्र त्या असतात, म्हणून त्या पेशी आधीच गाळून काढाव्या लागतात.

अभिक्रिया ३७° से. तापमानाला चालवून ठरावीक वेळांनी थोडा थोडा नमुना काढतात आणि थंड परक्लोरिक आम्लाने ती थांबवतात. पोटॅशियमच्या अल्कलीने आम्ल उदासीन केले की बर्फात पोटॅशियम परक्लोरेटचा पांढरा साका बसतो. तो नीट काढला नाही तर स्तंभ तुंबतो. नेहमीच्या सी-१८ (तेलकट थराच्या कणांच्या) स्तंभावर विद्युतभारित न्यूक्लिओटाइडे टिकत नाहीत, म्हणून त्यांच्या भाराशी जोडी जमवणारे टेट्राब्यूटिल अमोनियम द्रावणात मिसळतात. शिखराचे क्षेत्रफळ ज्ञात तीव्रतेच्या द्रावणांशी ताडून उत्तर दर मिनिटाला, दर मिलिग्रॅम प्रथिनामागे नॅनोमोल असे देतात. सुरुवातीचा वेग हवा असल्याने मूळ पदार्थाचा दहाव्या हिश्शाहून अधिक भाग संपू देत नाहीत.

अर्कातील फॉस्फॅटेझे (फॉस्फेट तोडणारी एंझाइमे) आयएमपीचे इनोसिन करतात. नुसते आयएमपी मोजले तर वेग खोटा कमी दिसतो. पण इनोसिनचे शिखर त्याच आलेखावर उमटते, त्यामुळे गळती पकडता येते. परजीवीच्या वयाचे पथ्यही पाळावे लागते. वलयावस्था (कोवळी अवस्था) आणि पोषकावस्था (त्यानंतरची वाढीची अवस्था) यांतील एंझाइमांचे प्रमाण सारखे नसते, त्यामुळे सॉर्बिटॉलने सर्व परजीवी एका अवस्थेत आणल्याशिवाय दोन नमुन्यांची तुलना करत नाहीत.